शनीवर बसलेला माणूस

तो बसला आणि काहीतरी करकन मोडलं.

वर्गाबाहेरच्या बाकावर तिने थर्माकोलचा शनी वाळत ठेवला होता. दुपारभर खपून त्याचं कडं कापलं होतं, पिवळा रंग दिला होता, आणि ब्रश धुवायला म्हणून ती जरा आत गेली होती. परत येऊन बघते तो एक उंच, सावळा माणूस ओली छत्री गुडघ्यांत धरून त्याच बाकावर आरामात बसलेला. शनी माणसाच्या राशीला लागतो हे तिने ऐकलं होतं. माणूस शनीवर बसलेला ती पहिल्यांदाच पाहत होती.

"तिथे काहीतरी ठेवलं होतं," ती म्हणाली.

"हो, कळलं," तो उठत म्हणाला. "पण बसल्यावर."

"बसण्याआधी बघायची पद्धत असते."

"मी बाक बघितला ना. त्यावर काय आहे ते नाही बघितलं." त्याने मान वळवून स्वतःच्या पॅन्टचा मागचा भाग पाहण्याचा प्रयत्न केला. तिथे पिवळा पट्टा उमटला होता. "हा रंग जातो का?"

"जात नाही," ती म्हणाली. रंग पाण्याने जात होता. पण सांगायची तिची इच्छा नव्हती.

इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गाचा तो नवा विद्यार्थी निघाला. तिच्या नशिबात आणखी काय असणार.

ती मुळात भूगोलाची बाई. आठ वर्षं तिने वारे, पर्वत आणि ग्रह शिकवले. मग शाळेने भूगोलाचे तास कमी केले आणि मोठ्या माणसांसाठी बोलण्याच्या इंग्रजीचा वर्ग काढून तो तिच्या गळ्यात मारला. तिचं स्वतःचं इंग्रजी बेताचंच. मग तिने युक्ती काढली: जे येतं त्याच्या आधाराने जे येत नाही ते शिकवायचं. वर्गातल्या प्रत्येकाला तिने एकेक ग्रह वाटला. दारातून आत आलं की माणूसपण बाहेर ठेवायचं. आपण ग्रह आहोत असं समजून स्वतःबद्दल बोलायचं, प्रश्नांना उत्तरंही तशीच द्यायची. लोक लाजणं विसरले. औषधाच्या दुकानातल्या मावशी शुक्र झाल्यापासून त्यांची जीभ अशी काही सुटली की आवरता आवरेना. पोस्टातून निवृत्त झालेले काका गुरू होते आणि आपल्या चंद्रांबद्दल नातवंडांसारखं कौतुकाने बोलायचे.

या नव्या माणसाला तिने नेपच्यून दिला. एक तर तो शेवटच्या बाकावर बसला होता, आणि दुसरं म्हणजे तिच्यापासून जितका लांब राहील तितका तिला हवा होता.

"व्हू आर यू?" तिने विचारलं.

त्याने स्वतःचं नाव सांगितलं.

"तुम्ही नेपच्यून आहात," ती म्हणाली. "पुन्हा. हाऊ फार आर यू फ्रॉम द सन?"

"टू बस," तो म्हणाला. "आय कम बाय टू बस."

वर्ग हसला. तिने ओठ घट्ट मिटले.

"आर यू हॉट ऑर कोल्ड?"

"बिफोर टी, कोल्ड. आफ्टर टी, हॉट."

"चंद्र," ती दात आवळून म्हणाली. "तुमच्याकडे काय काय आहे ते सांगा. व्हॉट डू यू हॅव?"

"आय हॅव वन मदर. वन ब्रदर." त्याने तिच्याकडे सरळ बघितलं. "नो वाइफ."

मावशींनी पदराआड हसू दाबलं. ही शुक्राची चांदणी एरवी कशाला म्हणून हसू दाबत नसे, त्यामुळे बाईंच्या डोक्यात आणखीच तिडीक गेली. तिने फळ्याकडे तोंड केलं आणि कारण नसताना फळा पुसला.

असं रोज चाललं. तो बंदरावर क्रेन चालवायचा, म्हणून ती त्याला 'क्रेनवाले' म्हणायची. काम संपवून धावतपळत यायचा, कधी केस ओले, कधी हातावर ग्रीसचा डाग, आणि यायचा तो थेट तिचा जीव खायला. सगळा वर्ग सूर्याभोवती शहाण्यासारखा फिरत असताना हा एकटा भर कक्षेत उभा राहून आपल्या आईच्या गुडघेदुखीबद्दल मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायचा. घरी गेल्यावर ती वहिनीजवळ तक्रार करायची, आणि वहिनी कणीक मळता मळता म्हणायची, "आज पुन्हा तोच का गं?"

"पुन्हा म्हणजे? तो रोजच असतो."

"तेच म्हणतेय मी," वहिनी म्हणायची. तिचं हे 'तेच' काही बाईंना आवडायचं नाही.

एका संध्याकाळी पाऊस इतका लागला की वर्ग सुटूनही कुणाला निघता येईना. बाकीचे खाली जिन्यात जमले. ती वरच्या खिडकीपाशी उभी होती. तो दोन कागदी पेल्यांत चहा घेऊन आला.

"तुम्ही एकदाही नेपच्यून का होत नाही?" तिने विचारलं. आवाज शक्य तितका कडक ठेवला होता. "मुद्दाम करता ना?"

खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं आणि रस्त्यावरचे दिवे त्यात विरघळल्यासारखे दिसत होते.

"मी दिवसभर वर केबिनमध्ये असतो," तो म्हणाला. "एकटा. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात. वॉकीटॉकीवर मला सगळे 'चार नंबर' म्हणतात. चार नंबर, उचल. चार नंबर, ठेव. दिवसभर चार नंबर होऊन इथे यायचं आणि पुन्हा नेपच्यून व्हायचं... दोन तास तरी मी मीच असावं असं वाटतं. एवढंच."

हे कारण असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"आणि तुम्हीही वर्गात तुम्ही नसता," तो पुढे म्हणाला. "पृथ्वी किती कललीय ते तुम्ही सांगितलंत. तुम्हाला चहात साखर किती लागते ते नाही सांगितलंत. मी अंदाजाने घातली."

"दीड चमचा," ती म्हणाली. "आणि त्याचा इंग्रजीशी काय संबंध?"

"काही नाही. पण अंदाज बरोबर निघाला."

आपण सांगून बसलो याचा तिला राग आला. चहा मात्र तिने पूर्ण प्यायला.

मग तो सहज, पावसाबद्दल बोलावं तसं, बोलून गेला. या वर्गाची परीक्षा पास झालो की कंपनी दुसऱ्या देशातल्या मोठ्या बंदरावर पाठवणार, दोन वर्षांसाठी. तिथे सगळं इंग्रजीतून चालतं, म्हणून तर हा वर्ग. नापास झालो तर ती जागा दुसऱ्याला जाणार. आई म्हणते, अशी संधी पुन्हा यायची नाही.

"मग अभ्यास करा," ती म्हणाली. रिकामा पेला तिने उगाच पुन्हा ओठांना लावला.

त्या दिवसापासून तिची चिडचिड दुप्पट झाली. या माणसाने अभ्यास केला नाही तर तो नापास होणार, आणि केला तर जाणार. आणि त्याच्याकडून तो करून घ्यायचं काम तिचं. राहू दे याला असाच, असा विचार एकदा तिच्या मनात डोकावला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला वर्गानंतर थांबवून घेतलं आणि नेपच्यूनवर पाच वाक्यं पाठ करायला लावली. त्याने केली. म्हणूनही दाखवली. आणि सहावं वाक्य स्वतःचं जोडलं, "टुडे टीचर इज टायर्ड. शी डिड नॉट ड्रिंक टी." ती खरंच दमली होती. त्याच्याकडे न बघताच ती जिना उतरली.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. नाकावर चष्मा, समोर कोरे कागद. शिक्षकाने कोपऱ्यात बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, असा नियम होता.

सगळ्यांत आधी मावशी आल्या. नवी साडी, ताठ मान.

"टेल मी अबाउट युअरसेल्फ," परीक्षक म्हणाले.

"आय ॲम व्हीनस," मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आय ॲम व्हेरी हॉट. एव्हरीबडी सीज मी इन द मॉर्निंग."

परीक्षकांनी चष्मा काढला.

पोस्टातल्या काकांनी तर कहर केला. "आय ॲम व्हेरी बिग," ते प्रेमाने म्हणाले. "आय हॅव मेनी मून्स." तुम्ही राहता कुठे, असं विचारल्यावर त्यांनी मंगळाच्या पलीकडे असं सांगितलं. एकामागून एक सगळे आले आणि एकही माणूस निघाला नाही. कोपऱ्यात बसलेल्या तिला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. चार महिने तिने या लोकांना 'मी' म्हणायला शिकवलं होतं, आणि तो 'मी' कुणाचाच नव्हता. आपण असं का केलं हेही तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की ती स्वतःच कुठल्यातरी ग्रहामागे जाऊन लपायची.

शेवटी तो आला. तोच प्रश्न.

"आय वर्क इन क्रेन," तो सावकाश म्हणाला. "व्हेरी हाय. आय सिट अलोन. माय मदर हॅज बॅड नी. आय मेक गुड टी."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा चढवला आणि ते पुढे सरकून बसले. हे सर्टिफिकेट कशाला हवं, त्यांनी विचारलं. फॉर जॉब, तो म्हणाला. फार पोर्ट. टू इयर्स.

"आर यू हॅपी टू गो?"

तो विचार करत राहिला. शब्द शोधत होता की धीर, ते तिला कळेना.

"जॉब, यस," तो म्हणाला. "गोइंग... नो."

"व्हाय?"

"माय टीचर इज हिअर. शी इज अँग्री विथ मी एव्हरी डे. आय लाइक इट. देअर... नोबडी विल बी अँग्री."

तिच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ती वाकली आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकलेलीच राहिली. वर आली तेव्हा परीक्षक हसू लपवत कागदावर काहीतरी लिहीत होते.

तो पास झाला. बाकीच्यांना परीक्षकांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं, येताना माणसं म्हणून या असं सांगून.

ती त्याला बाहेरच्या व्हरांड्यात गाठायला जवळजवळ धावतच गेली.

"वर्गातली सगळी शहाणी माणसं लटकली," ती म्हणाली, "आणि तुम्ही—"

"पास झालो. चुकलंच माझं."

"मध्ये बोलू नका. मला तुमचा राग येतो."

"ते मी आत सांगितलं त्यांना."

"तुम्हाला काही माहीत नाही. वर्गात येतो ते ठीक आहे. रविवारी वर्ग नसतो, तरी सकाळी उठल्यापासून येतो. भाजी चिरताना येतो. बसमध्ये तुमच्यासारखी छत्री दिसली तरी येतो. तुम्ही दोन वर्षं जाणार, मग मी... हा सगळा राग घेऊन मी काय करू?"

एवढं सलग ती स्वतःबद्दल कधी बोलली नव्हती. हातातलं सर्टिफिकेट त्याने कधी चुरगाळलं होतं, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"जायला अजून दोन महिने आहेत," तो हळूच म्हणाला. "एकट्याने जायचं की दुकट्याने... तेवढं ठरायचं राहिलंय."

"तुम्ही विचारताय की सांगताय?"

"विचारतोय. घाबरत घाबरत."

आठ वर्षं तिने नकाशावर बोट फिरवून मुलांना जग दाखवलं होतं. तिला स्वतःला कुणी 'चल' म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

"पुढच्या आठवड्यात मावशींना माणसात आणायचंय," ती म्हणाली. "त्याआधी मी कुठेही हलणार नाही."

"आणू की. मीही येतो मदतीला. आणि रविवारी तुमच्या घरी येऊ?"

"रविवारी बाबा घरी असतात."

"त्यांच्याशी बोलायलाच येतोय. तुमच्याशी तर झालं बोलून."

"काय झालं? मी अजून हो म्हटलेलं नाही."

त्याने मान वळवली. व्हरांड्याच्या टोकाला मावशी आणि काका जायचं विसरून उभे होते.

"मग म्हणा," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि तेही चिडूनच.