उदयचा होकार

उदय गेल्यापासून हेमांगी ग्रामसभेला न चुकता यायची, पण गावच्या कारभारासाठी नव्हे. नवऱ्याचा आवाज ऐकायला यायची. भिंतीवरच्या पेटीत तो अजून हजर होता.

पेटीचं नाव प्रतिवाणी. ग्रामसभेला माणसं फिरकत नसत, गणपूर्तीअभावी दर सभा तहकूब व्हायची, म्हणून हा तोडगा निघाला. माणसाचं रोजचं बोलणं ऐकून यंत्र त्याचा कल शिकायचं आणि त्याच्या जागी, त्याच्याच आवाजात मत द्यायचं. खानविलकर नवरा-बायकोने लगेच नावं घातली. कटकट मिटली! "आपल्याला राजकारणात रस नाही बुवा," उदय म्हणायचा, आणि हेमांगी ते चारचौघांत कौतुकाने सांगायची. माणूस मेला तरी वारसाने नाव काढेपर्यंत पेटी बोलत राहायची. ते काढायला तिचा हात धजला नव्हता. उदयचं नाव झालं, की डोळे पुसून ती घरी जायची.

आज विषय होता बंदरावरची मासळी सुकवायची जागा कंपनीच्या गोदामाला देण्याचा. तिथेच मासळी सुकवणाऱ्या वैजयंताने तिला दारातच गाठलं. हेमांगीच्या बाळंतपणात हिनेच तिचं घर सांभाळलं होतं.

"वैनी, सगळं काठावर आलंय. दादांचा होकार तेवढा मागे घ्या."

"होकार? अगं, तो कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात!"

"तेच तर. पेटी म्हणते, सगळ्यांचं तेच माझं. ग्रामसेवक त्याचा होकार लिहितात. दवाखाना हलवला तेव्हाही लिहिला."

दवाखाना तालुक्याला गेला, आणि उदयच्या छातीत कळ आली तेव्हा रिक्षा वाटेतच थांबवावी लागली होती. त्या निर्णयावर त्याचाच होकार होता, हे त्यालाही कधी कळलं नव्हतं.

नावं पुकारायला सुरुवात झाली. उदयच्या आवाजात पेटी घसा खाकरून म्हणाली, "मला काय, सगळ्यांचं तेच माझं."

हेमांगी उठून उभी राहिली. "उदय, वैजूची जागा जातेय रे. तुला काहीच वाटत नाही?"

हा आवाज पेटीच्या ओळखीचा होता.

"तू ठरव ना, हेमा. मला कशाला विचारतेस?"

अगदी तस्संच म्हणायचा तो, पेपरातून मान वर न करता. हेमांगीला रडू आवरेना. "नाव काढा त्यांचं," ती कशीबशी म्हणाली. पेटीवरचा त्याच्या नावाचा दिवा विझला. आपण आज दुसऱ्यांदा विधवा झालो, असं तिला वाटलं.

ती मागच्या बाकावर तशीच बसून राहिली. मतं समसमान आली. आता एकच नाव उरलं होतं.

"हेमांगी उदय खानविलकर."

ती तोंड उघडणार, तोच भिंतीवरून एक प्रसन्न, निवांत आवाज आला. "आपल्याला बाई राजकारणात रस नाही. सगळ्यांचं तेच माझं."

आवाज तिचाच होता. तिने तो आज पहिल्यांदाच ऐकला. पुढच्या रांगेतून वैजयंता वळून तिच्याकडे बघत होती.

ग्रामसेवकाने सवयीने लेखणी टेकवली आणि मग थबकून मान वर केली.

"वहिनी, हे तुमचंच मत ना?"