सेवाचे कान

लोक म्हणतात, अशा गोष्टी रात्री घडतात.

आमच्याकडे जे झालं ते भर दुपारी झालं. गेल्या उन्हाळ्यात, आखाडा बाळापूरला, माझ्या डोळ्यांसमोर. खोटं सांगून मला काही मिळणार नाही. खरं सांगूनही काही मिळालेलं नाही.

बाळापुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बाई असून मोबाईल उघडते म्हणून आधी लोक बघायला यायचे, आता दुरुस्तीला येतात.

माझा धाकटा भाऊ सुरज डोंगरकड्याहून केळीचा टेम्पो चालवायचा. माल भरेपर्यंत मोबाईलवर क्रिप्टोचे भाव बघत बसायचा, त्यात पैसे घालायचा. एकदा ढाब्यावर कुणीतरी काहीतरी बोललं आणि यानं घाबरून होतं नव्हतं ते विकून टाकलं. लगेच भाव वर गेला. मी त्याला महिनाभर चिडवत होते.

मग पुन्हा पैसे घातले आणि एक दिवस दुकानात आला.

"आक्का, माझा मलाच भरवसा न्हाई. काढायला गेलो तर पैसा लगेच निघालाच न्हाई पाहिजे, असं खातं करून दे."

अशी खाती असतात. पैसे काढायची विनंती टाकली की ती दोन दिवस अडकून राहते. तेवढ्यात खात्याला जोडलेल्या त्याच्या किंवा माझ्या मोबाईलवरून 'थांबवा' दाबलं की विनंती रद्द. खात्यातून एखादा मोबाईल काढून टाकायचा म्हटलं तरी हाच नियम. बँक नाही, मॅनेजर नाही, पाय धरायला कुणी नाही.

खात्याला नाव द्यायचं होतं. सुरजनं टाकलं, 'सेवाचे कान'.

सेवा त्याची मुलगी. तिला जन्मापासून काहीच ऐकू येत नाही. कानाचं ऑपरेशन लवकर झालं तर ती बोलेल, उशीर झाला तर अवघड, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऐकल्याशिवाय लेकरू बोलायला शिकत नाही, म्हणाले.

तरी टेम्पो मागे घ्यायला बापाला हीच लागायची. अंगणात उभी राहून इवल्याशा हातानं 'ये, ये' करायची. भिंत जवळ आली की पंजा उभा धरायची. सुरज ब्रेक मारून ओरडायचा, "थांऽऽब!" ती त्याच्या तोंडाकडे बघून खदखदा हसायची.

शिमग्यानंतर टेम्पो वळणावर उलटला.

सुरज गेला.

मी रडले नाही. दुकानात एका मोबाईलची काच बसवायची राहिली होती. ती बसवली.

दहाव्याला सगळे सिद्धेश्वर धरणावर गेलो. सुरजच्या अस्थी पाण्यात सोडताना आईनं कनवटीचा त्याचा मोबाईलही सोडून दिला. मी धावले, तोवर बुडाला होता.

"त्याचा जीव त्याच्यातच व्हता," आई म्हणाली.

मग पिंड ठेवला. कावळा शिवेना.

पोरीला सांभाळू म्हणालो. आईला अंतर देणार नाही म्हणालो. कावळा बाभळीवर बसून नुसता बघत होता... ऊन चढलं. माणसं कंटाळली. शेवटी उत्तमराव काका, आमचे चुलते, हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "सुरज, तुझ्या त्या खात्याला कोणीच हात लावणार न्हाई! बस का आता?"

कावळा खाली आला.

सगळ्यांना बरं वाटलं. काका काय कबूल करून बसले, ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्यासुद्धा.

वैशाखात सुरजच्या बायकोनं, आकांक्षानं, विषय काढला. "आक्का, आता पोरीचं ऑपरेशन करून घिऊ."

मी विनंती टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याकडेच बसले होते. सेवा ओट्यावर चिंचोके खेळत होती.

अचानक तिनं मान वर केली...

कुणी हाक मारल्यावर आपण करतो तशी.

ती उठून अंगणात गेली. फाटकाकडे बघत हात हलवायला लागली. ये, ये. फाटक उघडं होतं. गल्लीत कुणी नव्हतं.

मग तिनं पंजा उभा धरला.

माझा मोबाईल वाजला. 'दुसऱ्या मोबाईलवरून विनंती थांबवली.'

पाण्यात पडलेले मोबाईल मी रोज उघडते. धरणाच्या तळाशी गेलेल्या मोबाईलचं काय होतं हे मला कुणी सांगायला नको. मी त्याचा मोबाईल खात्यातून काढून टाकायची विनंती टाकली. दोन दिवसांत तीच दुपार, तोच पंजा, तोच मेसेज. खात्याचं ॲप बनवणाऱ्यांना लिहिलं; त्यांना खात्यात हात घालता येत नाही, नुसतं दिसतं. उत्तर आलं, 'आपला दुसरा मोबाईल चालू आहे.'

उत्तमराव काकांना धरणावर नेलं. त्यांनी भात ठेवला, शब्द मागे घेतला, नाक घासलं. एक पाखरू फिरकलं नाही. पाणीसुद्धा हलत नव्हतं. काका तिथंच मटकन बसले. "म्या काहून बोललो गं तसं?" एवढंच म्हणत राहिले.

आम्ही पुन्हा विनंती टाकली.

या वेळी मी ठरवलं होतं. सेवानं मान वर केली तशी मी तिला मांडीवर ओढलं आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले. आकांक्षानं फाटक लावून घेतलं.

पोरगी झटापट करत नव्हती. फाटकाकडे बघत होती. तिचे हात गार पडले होते...

आणि ती बोलली.

"थांऽऽब!"

स्वच्छ. सुरज ओढायचा तसाच ओढून.

मोबाईल वाजला. मी बघितला नाही.

आकांक्षा खाली बसली. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "आक्का, लेकरू ऐकल्याबिगर बोलत न्हाई. डॉक्टरच म्हणले व्हते न्हवं?"

"व्हय."

"मंग तिला ऐकू येऊन राहिलं."

मी तिच्या कानाशी टाळ्या वाजवल्या. पितळी आपटली. पापणीसुद्धा लवली नाही.

त्यानंतर मी विनंती टाकलेली नाही. दिवस जातात, डॉक्टरांनी सांगितलेली वेळ जवळ येते आहे. मी दुकान उघडते, बंद करते. मला काही वाटेनासं झालंय. बहुतेक वेळा.

काल दुपारी जेवायला त्यांच्याकडे गेले. सेवा अंगणात उभी होती, फाटकाकडे तोंड करून. हात हलवत होती आणि एक एक पाऊल मागे सरकत होती, घराच्या दाराकडे. तोंडानं नवीन शब्द म्हणत होती.

"ये... ये... ये..."

आता पंजा उभा धरेल म्हणून मी उंबऱ्यात उभी राहून वाट बघितली. ती माझ्या पायाला येऊन टेकली.

'थांब' ती म्हणालीच नाही.