दुपारची हाक

जेवल्यावर किती वेळाने मुलीला पाण्यात सोडायचं, या एकाच चिंतेने ऑर्नेलाचा आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. आईने तीन तास सांगितले होते, आजीने चार. ऑर्नेला उत्तर इटलीतल्या तोरिनोच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. पोटातल्या पास्त्यामुळे कुणी बुडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी पाच वर्षांच्या मिर्ताने शेवटचा घास गिळला, की हिची नजर घड्याळाकडे. नवऱ्याने फोनवर विचारलंही होतं, की सुट्टी पोरीची आहे की तिच्या पोटाची.

दक्षिणेतल्या या समुद्रकाठच्या गावात त्यांनी सुट्टीपुरतं घर घेतलं होतं; तिथली घरमालकीण फिलोमेनामावशीही हसली होती. तिचं म्हणणं, पाण्याचं काय ते तुम्ही उत्तरेकडचे बघा, आम्ही इथे वेळ सांभाळतो. जेवणं झाली की खिडक्यांच्या झडपा ओढून घ्यायच्या आणि चर्चची चारची घंटा होईपर्यंत गल्लीत पाऊल टाकायचं नाही. पोर नजरेआड झालंच, तर खाली उतरून शोधायचं. खिडकीतून हाक तेवढी मारायची नाही. का, ते तिने सांगितलं नाही. ऑर्नेलानेही विचारलं नाही. स्वतःच्या चिंता काय कमी होत्या?

त्या दुपारी मिर्ताला कुशीत घेऊन ती आडवी झाली आणि जागरणामुळे गाढ झोपली. जाग आली तेव्हा कूस रिकामी होती आणि दार सताड उघडं.

खुर्चीवरचा टॉवेल उचलून तिने झडप ढकलली. पायऱ्यांची पांढरी, रखरखीत गल्ली थेट समुद्रापर्यंत उतरत गेली होती. वाळूवर होड्या पालथ्या पडलेल्या. माणूस नाही, कुत्रं नाही. लाटेचासुद्धा आवाज नाही. नुसता तापलेल्या दगडांचा आणि कुजक्या शेवाळाचा वास.

"मिर्ता..."

काहीच नाही. मग मावशीने काय बजावलं होतं, ते तिला आठवलंही नाही. जिवाच्या आकांताने ती ओरडली, "ये गं बाळा... घरी ये! आई बोलावतेय..."

जिन्यावर अनवाणी पावलं वाजली. मिर्ता दारात उभी. जिन्याखाली मांजरीशी खेळत होते, म्हणाली. ऑर्नेलाने तिचे केस चाचपले, फ्रॉक चाचपला. सगळं कोरडं ठणठणीत. तिला एकदम हसू आलं. ती पलंगावर टेकली.

हाक ऐकून फिलोमेनामावशीही वर आली होती. पण ती बघत होती जिन्याकडे. पायरीपायरीवर चिमुकले ओले ठसे उमटले होते, उंबरा ओलांडून आत आलेले. मिर्ताचे पाय मात्र धुळीने माखलेले, कोरडे.

"पोरी, नाव घेऊन हाक मारलीस, की नुसतं बाळ म्हणून?"

"आधी नाव घेतलं... मग..."

मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली. "आता हाकलू नकोस हं," एवढंच हळू आवाजात म्हणाली आणि खाली निघून गेली.

कुणाची तरी बादली हिंदकळली असेल, ऑर्नेलाने स्वतःला समजावलं. हातांना काहीतरी काम हवं, म्हणून ती मिर्ताच्या कोरड्याच केसांवरून टॉवेल फिरवू लागली. मिर्ताने तो बाजूला सारला. आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"आई, आधी तिला पूस ना. ती जेवल्या जेवल्या पाण्यात गेली होती."