रंध्याचं पातं सुलटं आहे

सुतारशाळेच्या खिडक्यांची मापं घ्यायची, एवढंच काम होतं. थंडी सुरू व्हायच्या आत काचा बसवायला हव्या होत्या. घराच्या मागे अंगण, अंगणापलीकडे ही सुतारशाळा. दूरच्या शहरातलं शिक्षण संपवून परत येताना तिने पणच केला होता, की बाबांचं काम बंद पडू द्यायचं नाही. मात्र ती पोहोचली तेव्हा बाबांचे अंत्यसंस्कारही उरकले होते. त्यांचं तोंडही तिला दिसलं नाही.

काका दारातच उभे होते. बाबांचे धाकटे भाऊ आणि कामातले जोडीदार.

"वकीलबाई, मापं नंतर घे. आधी दादाच्या रंध्याचं पातं काढ आणि उलटं बसव."

लहानपणापासून ती वाद घालायची म्हणून बाबांनी तिला हे नाव ठेवलं होतं. काकांनी ते टोमण्यासाठी उचललं होतं.

"का म्हणून?"

"सुतार गेला की त्याच्या रंध्याचं पातं उलटं घालतात. धार आत जाते, रंधा चालत नाही. नाहीतर मेलेल्याचा हात परत येतो... कामाला."

"येऊ दे की! मी दार उघडेन."

"शिकून आलीस म्हणजे मेलेल्या माणसालाही राबवणार का? जिवंतपणी काय कमी राबला तो?"

"मी नाही राबवत. मला फक्त भेटायचंय. तेवढी एक भेट माझी राहिलीय, काका. आणि ती कोणत्याही रीतीपायी मी सोडणार नाही."

तिन्हीसांज व्हायच्या आत काका निघून गेले. रंधा बाकावर तसाच राहिला, पातं सुलटं.

त्याच संध्याकाळी आई दिवे लावत असताना अंगणापलीकडून आवाज आला. सर्रर्र... लांबलचक, एका दमात. मग शांतता. मग पुन्हा सर्रर्र... ती जागच्या जागी खिळली. हा आवाज ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही न थांबता, असा हात बाबांचाच. ती धावत गेली. कडी काढली आणि आवाज थांबला. आत अंधार, ताज्या लाकडाचा वास, आणि बाकाखाली रंध्यातून निघालेली सालपटं. लांब, पातळ, कुठेही न तुटलेली.

तिने ती ओंजळीत भरली आणि हसत, रडत आईसमोर धरली.

"बघ! बाबा आले होते."

आईने एक सालपट उचललं, दिव्यापाशी नेलं. तिचा चेहरा उतरला.

"हे त्यांचं नाही."

"आई, असा हात आणखी कोणाचा आहे?"

"होता... तू गेलीस तेव्हा होता." आईचा आवाज खाली गेला. "तुझ्या शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी करवतीत त्यांची उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून रंधा असा एका दमात कधी चाललाच नाही. दोन विती गेला की थांबायचा. सालपटं सगळी तुकड्या-तुकड्यांची."

"इतक्या वर्षांत मला घरी येता आलं नाही, पण व्हिडिओ कॉलवर तर..."

"फोन समोर ठेवून बोलायचे. हात टेबलाखाली. मला शपथ घातली होती. म्हणाले, वकीलबाई शिक्षण टाकून धावत येईल."

तिला आधी राग आला. आईचा, बाबांचा, स्वतःचाही. मग तिची नजर अंगणापलीकडे गेली.

"मग तिथे... कोण आहे?"

"तुला जे आठवतं ते," आई म्हणाली. "काकांना बोलाव. पातं उलटं घालू दे."

तिने ती सालपटं जपून कोनाड्यात ठेवली.

"नाही. अर्धे बाबा मला पुरत नाहीत. उरलेलेही हवेत. उद्या तिथे चल, तू सांग, मी ऐकते. तिथे जो आहे त्यालाही ऐकू दे."

दुसऱ्या संध्याकाळी तिघं कंदील घेऊन सुतारशाळेच्या उंबऱ्यावर बसली. काका यायला तयार नव्हते, पण वहिनींना पोरीच्या भरवशावर सोडवेना. बाकाचं पलीकडचं टोक अंधारात होतं. तिथून सर्रर्र... आलं. काकांनी आईचा हात घट्ट धरला.

"बोल आई."

आई बोलू लागली. आधी कुजबुजत, मग मोकळेपणी. हातात रंधा टिकत नाही म्हणून मनगटाला पट्ट्याने बांधून घ्यायचे. वाकडं गेलं की रंध्याला शिव्या घालायचे आणि मग त्याचीच माफी मागायचे. काकांनाही राहवेना. "चहाचा कप डाव्या हाताने धरायचा दादा, आणि म्हणायचा, राजे लोक असाच पितात!" तिघंही हसली. त्या हसण्यात आतला लांब आवाज अडखळला.

थांबला.

मग आला तो आखूड. सर्र... सर्र... दोन विती, आणि पुन्हा थांबणं.

"दादा..." काकांच्या तोंडून निघालं.

ती ओठ चावून ऐकत होती. हे बाबा तिने पाहिले नव्हते. दुखऱ्या हाताचे, हट्टी, तिच्यापासून हात लपवणारे. आज ते तिला मिळाले होते. तेवढ्यात पहिला, लांब आवाजही परतला. एकदा लांब, एकदा तुटक.

"दोघं झाले," काका उठले. "आता तरी ऐक, पोरी. पातं काढू दे."

ती उंबऱ्यावर वाट अडवून उभी राहिली.

"हात लावायचा नाही. दोघंही माझेच आहेत. ज्याला भीती वाटते त्याने घरी जावं."

कोणीच गेलं नाही. कंदिलाची वात फडफडली. आणि त्या दोन आवाजांच्या मध्ये, दोघं जणू मुद्दाम थांबले तेवढ्यात, तिसरा आवाज आला. हलका, बुजरा. रंधा गाठीवर अडकला, निसटला, पुन्हा अडकला.

"हा..." काकांनी कान दिला. "हा शिकाऊ हात आहे."

"कोणाचा?" आईने विचारलं.

तिघांच्याही आठवणीत असा हात नव्हता. लांब हात थांबला होता, तुटक हातही. नवख्याला वेळ द्यावा तसे. पुन्हा एकदा तो बुजरा रंधा सरकला आणि या वेळी नीट चालला. अंधारातून एक सालपट घरंगळत तिच्या पायाशी आलं.

तिने ते उचललं. नुकतं निघालेलं असल्यासारखं ते गरम होतं. काकांनी ते तिच्याकडून घेऊन नाकाशी धरलं. वासावरून लाकूड ओळखणारा माणूस, पण त्यांनी ते पुन्हा पुन्हा हुंगलं.

"कसलं आहे?"

"असं लाकूड," ते हळूच म्हणाले, "मी कधी पाहिलेलंच नाही."