छत्रीवरची पुस्तकं

"छत्री जरा स्थिर धरता का? कोड टिपायला गेलं, की तुम्ही वळता."

जसीलानं वळून पाहिलं. फोन पुढे धरून एक उंच, सावळा माणूस वाळूत उभा होता. उन्हानं डोळे बारीक केलेले, शर्टाच्या खिशात दोन चष्मे.

"मी नाही वळत. वारा वळवतो," ती म्हणाली.

"मग वाऱ्याला सांगा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

कोळिक्कोडच्या किनाऱ्यावर साहित्याचा मेळा भरला होता. आत मांडवात टेबल मिळवायचं तर छापील पुस्तकं लागायची, आणि जसीलाकडे छापील असं काहीच नव्हतं. तिच्या तिन्ही भयकथा फोनवर वाचायच्या. पूर्वी त्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानात होत्या, म्हणजे लाखो पुस्तकांच्या तळाशी गाळात रुतून पडल्या होत्या. शेवटी तिनं त्या तिथून काढल्या, स्वतःची छोटीशी वेबसाइट केली आणि काळ्या छत्रीवर कोड छापलेला पांढरा कापडी चौकोन शिवला. फोन त्याच्यासमोर धरायचा, पैसे भरायचे, की पुस्तक हातात. दिवसा ती इस्पितळात लोकांचं रक्त काढायची आणि सुट्टीच्या दिवशी छत्री घेऊन मांडवाबाहेर उभी राहायची.

तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला. त्याचा फोन टिंग करून वाजला.

"भयकथा आहे," ती म्हणाली. "घाबरता का तुम्ही?"

"पुस्तकांना नाही."

"मग कशाला?"

"छत्रीवाल्या बाईंना… थोडा."

ती हसली नाही. हसावं असं वाटलं होतं, एवढं मात्र तिनं मनात टिपून ठेवलं.

तो गेलाच नाही. तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागला. ऊन चढत होतं, त्याच्या कपाळावर घाम आला, तरी बोट पानं सरकवत होतं. आपलं पुस्तक वाचणारं माणूस इतक्या जवळून तिनं कधी पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी तो थबकला आणि त्यानं उगाच मागे वळून पाहिलं. मागे समुद्र होता, दुसरं काही नाही.

"सावलीत या," ती म्हणाली.

तो छत्रीखाली आला. दोघांच्या खांद्यांमध्ये वीतभर अंतर उरलं. त्याच्या अंगाला काच पुसायच्या औषधाचा वास येत होता. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो, आत काय गुलुगुलू चाललंय! छत्री स्थिर धरा, कोड दिसत नाही!"

त्याचं नाव नौफल. पाळयमच्या बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं.

चार-दोन दिवसांनी तिच्या वेबसाइटवर त्याचा निरोप आला. 'पुस्तक संपवलं. माडीवर कपडे आणायला जायची हिंमत होत नाही, कपडे तिथेच वाळतायत. दुकानात या एकदा. मीही पुस्तकं विकतो, कशी विकतो ते दाखवतो.'

जसीलाला माणसं लांबून बघायची सवय होती. तिचं ठरलेलं लग्न एकदा मोडलं होतं. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं, आणि वाईट वाटलं नाही याचंच तिच्या उम्माला, म्हणजे आईला, जास्त वाईट वाटलं होतं. 'पोरीच्या आत कुणी राहतं की नाही?' असं ती शेजारणींना विचारायची. तेव्हा चष्मेवाल्याकडे जाताना जसीलानं स्वतःला बजावलं… पुस्तकं कशी विकतो एवढंच बघायचं आणि निघायचं.

दुकानात एक जाडशा बाई खुर्चीत बसल्या होत्या. जवळचं वाचता येतं का ते पाहायला नौफलनं त्यांच्या हातात एक पुठ्ठा दिला. बाई मोठ्यानं वाचू लागल्या, "'तिनं दार उघडलं. दारात तोच उभा होता, तोच, ज्याच्यासाठी ती इतकी वर्षं… आणि त्याच्या हातात…' हातात काय?"

"दिसत नाही का, इत्ता?" नौफलनं थोरल्या बहिणीला विचारावं तसं विचारलं.

"दिसतंय की सगळं लख्ख! पण पुढचं लिहिलेलंच नाही!"

"पुढचं फोनवर आहे. खाली तो चौकोन आहे ना, त्याच्यासमोर फोन धरा."

बाईंनी चष्म्याच्या आधी पुस्तक घेतलं. त्या गेल्यावर जसीलानं पुठ्ठा उचलला. तळाशी लेखिकेचं नाव होतं, मेहरा.

"अय्यो! माझी उम्मा हिची पुस्तकं वाचते. फोन छातीशी धरून रडते. ओळखता तुम्ही हिला?"

नौफल एक काच पुसत राहिला. स्वच्छच होती ती.

"मी," तो म्हणाला.

"काय मी?"

"मेहरा… मीच."

या वेळी जसीला हसली. इतकी हसली की तिला त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसावं लागलं. "माझी उम्मा तुमच्यासाठी रडते, नौफलिक्का!"

"प्रेमकथेवर पुरुषाचं नाव बघितलं की बायका पुढे जातात," तो ओशाळून म्हणाला. "मेहराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर बायका काय काय लिहितात मला. घरचं, मनातलं… मी उत्तरं देतो. आणि ते इक्का म्हणू नका हो."

"का? मोठ्यांना म्हणतात."

"भावालाही म्हणतात आणि नवऱ्यालाही. कुठल्या अर्थानं म्हटलंत, त्याचा विचार करत बसतो मग माणूस."

जसीलानं पुठ्ठा जागेवर ठेवला.

पण सौदा ठरला. छत्रीच्या दुसऱ्या बाजूवर मेहराचा कोड, आणि दुकानातल्या दुसऱ्या पुठ्ठ्यावर जसीलाचं भूत. मेहराच्या वाचकिणींना जसीलाची शिफारस, जसीलाच्या वाचकांना मेहराची. पाळयममध्ये नंबर काढायला आलेली माणसं किंचाळायला लागली, आणि भूत आवडणारे इस्पितळातले वॉर्डबॉय प्रेमकथा वाचून उसासे टाकायला लागले. मेळा संपला, तरी रविवारी संध्याकाळी दोघं किनाऱ्यावर यायची. ती दांडा धरायची, तो हाका मारायचा, "इकडून भूत, तिकडून प्रेम! कुठूनही या, झोप जाणारच!" मग गाडीवरचा मीठ-मिरचीत मुरवलेला अननस खायचा. तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती म्हणायची, "मेहरा, रडू नकोस गं." खाऱ्या वाऱ्यानं तिची ओढणी त्याच्या मनगटाला गुंडाळली जायची. सोडवायला तो फार वेळ लावायचा… आणि ती घाई करायची नाही.

आपल्याला काहीतरी होतंय, हे जसीलाच्या लक्षात आलं होतं. पण एखाद्या पात्राला होत असावं, तसं ती ते बाजूला उभी राहून बघत होती. पुढच्या पानावर काय ते कळेल, असं म्हणत होती.

पावसाळा सरता सरता बंगळूरच्या एका कंपनीचा नौफलला फोन आला. त्यांचं वाचनाचं मोठं अ‍ॅप होतं. मेहराची सगळी पुस्तकं त्यांना हवी होती. घराघरांत, आखाती देशांतल्या मल्याळी माणसांपर्यंत पोचवू म्हणाले. अटी दोनच. पुस्तकं फक्त त्यांच्याकडे मिळतील, दुसरीकडे कुठेही नाही. आणि मेहराला लोकांसमोर यावं लागेल. ते जमत नसेल, तर एक नटी ठेवू, ती मेहरा म्हणून बोलेल, वाचकिणींना उत्तरंही तीच देईल.

किनाऱ्यावर बसून नौफलनं हे सगळं सांगितलं. जसीला समुद्राकडे बघत होती.

"तुम्ही काय म्हणता?" त्यानं विचारलं.

"सही करा."

"एवढंच?"

"एवढ्या लोकांनी वाचावं असं वाटत नाही का तुम्हाला?"

"वाटतं. रोज वाटतं… पण मग छत्रीवरून माझं नाव काढावं लागेल."

"कापडच आहे ते. टाके उसवले की निघेल."

तो तिच्याकडे पाहत राहिला. "तुम्हाला काहीच वाटत नाही, जसीला?"

तिनं पिशवीतून छोटी कात्री काढली, छत्री मांडीवर आडवी घेतली आणि त्याच्या बाजूचा पांढरा चौकोन उसवायला लागली. हात अजिबात थरथरत नव्हता. रक्त काढताना थरथरत नाही, तसाच. शेवटचा टाका तुटला, तेव्हा तिनं कापडाची नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिली. तो उठला आणि वाळू तुडवत निघून गेला.

पुढच्या रविवारी ती दुपारीच एकटी गेली. छत्रीच्या उसवलेल्या भागावर सुईची बारीक भोकं राहिली होती, त्यातून उन्हाचे ठिपके तिच्या हातावर पडत होते. एका बाईनं विचारलं, "ती प्रेमाची बाजू कुठे गेली गं?" जसीलानं छत्री फिरवून ती बाजू आपल्याकडे घेतली. तिला स्वतःचंच नवल वाटलं, मग राग आला, मग काय आलं ते तिला ओळखूही आलं नाही. छत्री मिटून ती घरी आली.

घरी उम्मा फोन हातात धरून बधिर बसली होती.

"जसी, हे ऐक. मेहरानं सगळ्यांना पाठवलंय. बाईचा आवाज नाही गं हा…"

उम्मानं बटण दाबलं. "अस्सलामु अलैकुम. मी मेहरा," नौफलचा आवाज आला. "माझं नाव नौफल. मी चष्मे विकतो. तुम्ही मला जे लिहिलंत ते एका बाईला सांगतोय असं समजून लिहिलंत, आणि मी ते समजू दिलं. उद्यापासून माझ्या जागी कुणी दुसरीच बाई तुम्हाला उत्तरं देणार होती. तुमचं मन तिच्या हवाली करताना मला आधी माझी लाज वाटली. माफ करा. पुस्तकं खरी आहेत. नाव खोटं होतं."

"रांडेच्यानं फसवलं!" उम्मा उसळली. "एका गड्यासाठी मी रडले? उशा भिजवल्या?" थोडा वेळ ती धुसफुसत राहिली. मग तिनं तो निरोप पुन्हा लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि हळूच म्हणाली, "आवाज बरा आहे मेल्याचा."

जसीलानं तोवर चपला घातल्या होत्या.

नौफल चालियमला राहायचा. दुकान बंद करून संध्याकाळी बेपूरच्या धक्क्यावरून नदी ओलांडायचा. गाड्या आणि माणसं वाहून नेणारी जंकार सुटायला आली होती. कठड्याशी, आपल्या स्कूटरला टेकून तो उभा होता. दाढी वाढलेली. तिला चढताना बघून तो सरळ झाला.

"कुठे?"

"पलीकडे."

"पलीकडे काय काम?"

"अजून ठरवलं नाही."

जंकार हलली. पाणी संथ होतं, मासळीचा आणि डिझेलचा वास येत होता. दोघं एकाच कठड्याला धरून उभी राहिली.

"पुष्कळ गेल्या का सोडून?" तिनं विचारलं.

"पुष्कळ. एकीनं लिहिलंय, नवऱ्याच्या ज्या तक्रारी सांगितल्या त्या ताबडतोब विसरा."

"विसरलात?"

"प्रयत्न चालू आहे. पण तक्रारी फार मजेशीर होत्या."

"आणि कंपनी?"

"त्यांना मेहरा हवी होती. नौफलचं काय करायचं, म्हणाले." तो हसला, पण डोळे पाण्याकडेच होते. "खरं आहे. काय करायचं त्याचं?"

"माझं उलटं आहे," जसीला म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे… मेहरा नसली तरी चालेल मला."

तिनं कठडा घट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा हात थरथरत होता, आणि तिनं तो लपवला नाही.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत, काहीच वाटत नाही का. वाटतं. पण उशिरा वाटतं मला. आधी हात टाके उसवून मोकळे होतात, मग… मग घरी जाऊन वाटत बसतं. असल्या बाईचं काय करायचं ते तुम्ही सांगा."

"वाट बघायची," तो म्हणाला. "येते ती… जंकार पकडून."

त्यानं तिच्या थरथरत्या हातावर आपला हात ठेवला. या वेळी मध्ये ओढणी नव्हती.

पलीकडचा धक्का आला. साखळ्या खणखणल्या, फळी खाली पडली, मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. नौफलनं स्कूटर स्टँडवरून काढली आणि तो घुटमळला.

"ही जंकार लगेच परत फिरते. तुम्हाला अंधाराच्या आत घरी…"

"तुमची उम्मा असेल घरी?"

"असेल. मासे तळत असेल."

"तुमची पुस्तकं वाचते ती?"

"छे! रडकी म्हणते त्यांना. तिला भुतं लागतात. दुकानातला तुझा पुठ्ठा वाचून कधीची मागे लागलीय, ही कोण, घेऊन ये एकदा." तू म्हटल्याचं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

रिक्षावाला ओरडला, "ए, लग्न ठरवताय का? बाजूला घ्या!"

"तेच बघतोय, चेट्टा!" जसीला ओरडून म्हणाली आणि मागच्या सीटवर बसली.

माडांच्या मधल्या रस्त्यानं स्कूटर दिसेनाशी झाली. जंकारीत बेपूरला जाणारी माणसं चढली, फळी वर आली. परतीच्या फेरीत ती नव्हती.