हललेली फिल्म

"हसू नका," तो म्हणाला, आणि नेमकं तेव्हाच मला हसू फुटलं.

परदेशातल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात होतं, व्हिसासाठी छातीचा एक्स-रे तेवढा राहिला होता. गार पत्र्याला छाती टेकवून, हनुवटी वर करून मी उभी, आणि काचेपलीकडून हा एक्स-रेवाला इतक्या गंभीरपणे "श्वास घ्या... रोखा..." म्हणाला, की मला राहवेना.

"हलली फिल्म," तो बाहेर येत म्हणाला. "पुन्हा उभ्या राहा. सगळ्यांसमोर अशाच हसता?"

"सगळेच कुठे श्वास रोखायला लावतात?" माझी जीभ ही अशी. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

दुसरी फिल्म त्याने उजेडावर धरली, आणि बराच वेळ वळलाच नाही.

"काय झालं?"

"डॉक्टर सांगतील." आवाजातली थट्टा गेली होती. उजव्या फुप्फुसात वरच्या टोकाला पांढरा डाग मलाही दिसत होता, कापसाच्या बोळ्याएवढा. टीबी निघाला तर या वर्षीचा प्रवेश गेला, हे मला फॉर्म भरतानाच कळलं होतं. त्या एका पत्रासाठी मी दोन वर्षं घालवली होती.

"पहिली पाठवा ना," मी हळूच म्हणाले. "हललेली. तिच्यात काहीच दिसत नाही."

त्याने विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"आई. आणि ताई राहायला आलीये... तिचं बाळ तीन महिन्यांचं."

"त्याला जवळ घेता?"

मी त्या पांढऱ्या डागाकडे बघितलं. रोज घेत होते. त्याने दुसरी फिल्म लखोट्यात घातली, आणि मी मनातल्या मनात त्याला नको नको ते बोलले.

टीबीच निघाला. बाळालाही. आणखी उशीर झाला असता तर ते हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभराने ताई त्याला घेऊन दवाखान्यातून थेट आपल्या घरी गेली, आणि जाताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही. आई माझं ताट खोलीच्या दाराशी ठेवून मागे सरायची.

दर सोमवारी मी गोळ्या न्यायला जायचे. त्या गोळ्यांनी इतका थकवा यायचा, की बाहेरच्या बाकावर भिंतीला टेकून बसावं लागायचं. तो येऊन शेजारी बसायचा.

"अजून राग आहे?"

"आहे. रागवायला दुसरं कुणी उरलंय का मला?"

"मग रागवा. मला वेळ आहे."

त्या सहा महिन्यांत माझ्या शेजारी बसणारा तो एकटाच. मी त्याच्या प्रेमात पडले. सांगायला लाज कसली?

विद्यापीठाने जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली होती. शेवटच्या एक्स-रेला मी मुळीच हसले नाही. फिल्म स्वच्छ निघाली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने खण उघडून दुसरी एक फिल्म काढली. माझ्या बरगड्या हललेल्या, धूसर.

"ही टाकून द्यायची असते," तो म्हणाला. "टाकवली नाही. आणि आज... हीच पाठवावीशी वाटतेय. व्हिसावाले ती परत पाठवतील, तुझी जायची तारीख टळेल... तू इथे राहशील."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"घरी कोण कोण आहे तुझ्या?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"पाठव मग," मी म्हणाले. थट्टा नव्हती ती. त्याने नुसती मान हलवली असती तरी मी राहिले असते.

 हललेली फिल्म त्याने परत खणात ठेवली, स्वच्छ फिल्म लखोट्यात घातली, कडेला डिंक लावला.

"पाठवायची असती," तो म्हणाला, "तर तेव्हाच पाठवली असती."

डिंक केव्हाच सुकला होता. त्याचा अंगठा मात्र लखोट्यावरून निघत नव्हता.