नेलपॉलिशचा वास

शटर धाडकन खाली आलं आणि जमादार देवमनला दरदरून घाम फुटला.

गडी अंगापिंडानं दांडगा. वाशीम ठाण्यात त्याचं नाव निघालं तरी भुरटे चोर टरकत. पण बंद जागेत त्याचा जीव घाबराघुबरा होई. लहानपणी धान्याच्या पेवात पडला होता, तेव्हापासूनची ही खोड. ठाण्यात त्यानं हे कुणाला कळू दिलं नव्हतं, तेव्हा आपणही त्याचा बोभाटा करायला नको.

"अर्धं तरी वर राहू द्या ना शेठ," तो म्हणाला.

"नाई जमादारसाहेब. चोर आत हाये. तुमचा पंचनामा होईपर्यंत शटर उघडत नाई." बाबूलालनं कुलूप लावलं आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला.

जुन्या जिनिंगच्या गोदामात बाबूलालचा रेडिओ जोडायचा कारखाना होता. सुटे भाग मुंबईची कंपनी पाठवी, इथं बाया ते जोडून देत. वैशाखाचं ऊन, वर पत्रे, मधोमध वितळलेल्या कथलाची कढई. वाऱ्याला छताजवळचा एक झरोका, तोही हातरुमालाएवढा. टेबलांमागे सहा बाया माना खाली घालून बसलेल्या. सातवी, विमलबाई, भिंतीशी उभी. चोर म्हणून तिलाच उभं केलं होतं.

"काय गेलं?" देवमननं विचारलं.

बाबूलालनं तीन पायांचा, हरभऱ्याएवढा एक जळका भाग दाखवला. "ट्रान्झिस्टर. बाया तिपाई म्हंतात. हे बसवली तं रेडिओले सिलोन लागते, नाई तं नुसतं नागपूर. आज सिलोनवाले चाळीस रेडिओ होते. चाळीस नव्या तिपाया मी सोता इच्या वाटीत टाकल्या. दुपारी पाहतो तं भाग बसवाच्या साऱ्या प्लेटीवर तिपाईची जागा रिकामी."

"झडती घेतली?"

"घेतली. पन जेवनाच्या सुट्टीत थे भाईर गेली होती. तवाच लांबवल्या."

देवमन विमलबाईकडे वळला. "बाई, तिपाया कुठं हायेत?"

"मले देल्याच नाई, दादा. वाटीत जेवढे भाग होते तेवढे बसवले."

"शेठ म्हंतात, देल्या."

"शेठ म्हंतात खरं," ती म्हणाली. "ठाण्यात चाल म्हना, येतो. पन बजारातून नका नेऊ. आमच्या वस्तीतल्या चार बाया माह्या भरवशावर इथं लागल्या. मले चोर म्हनून नेलं तं त्याइलेबी उद्या कोनी उभं करनार नाई."

"ठाण्याले दुसरा रस्ता नाई," बाबूलाल म्हणाला.

देवमनला त्याचा राग आला. पण रागानं गुन्हा उलगडत नाही, आणि इथं तर धड श्वासही घेता येत नव्हता. त्यानं मोठा श्वास ओढून पाहिला आणि थबकला. कथलाच्या धुरात भलताच वास होता. नेलपॉलिशचा.

त्यानं एकेकीचे हात पाहिले. भाजलेली बोटं, काळी नखं. रंगाचं नाव नाही.

"नेलपॉलिश कोनं लावलं?"

पहिल्या टेबलावरच्या बेबीबाईनं भीत भीत बाटली पुढं केली. "नखाले नाई दादा, प्लेटीले लावतो."

"प्लेटीले कायले?"

"दोन्ही रेडिओची प्लेट एकच हाये. नागपूरवाल्यात तिपाईची जागा रिकामी ठेवा लागते. तिच्या पायाच्या तीन भोकायले पालिश लावतो, म्हनजे तिथं कथील धरत नाई. नाई लावलं तं कढईत बुडवल्याबरोबर भोकं बुजून जातात. थंड झाल्यावर पालिश पुसून टाकतो."

"मंग पालिश अगोदर, का भाग बसवनं अगोदर?"

"पालिश अगोदर. मंग प्लेट विमलकडे जाते, मंग कढईवर जगदेवभाऊकडे."

कढईवरच्या जगदेवनं मान डोलावली. "मी खालची बाजू बुडवतो साहेब. वर काय हाये, काय नाई, पाहत नाई."

"पालिश कुठं लावाचं, कुठं नाई, हे कोन सांगते?"

"नमुना," बाबूलाल मध्येच बोलला. आपल्या शिस्तीविषयी बोलताना त्याची छाती फुगे. "कपाटाची किल्ली माह्याजवळ. सकाळी मीच नमुन्याची प्लेट काढून इथं ठेवतो. पह्यली प्लेट माह्या डोळ्यासमोर झाल्याबिगर दुसरीले हात लावू देत नाई. एकडाव पुरा घाना वाया गेला होता, तवापासून हेच."

टेबलावरच्या नमुन्यावर तिपाई बसवलेली होती.

"आज सकाळी हाच होता?"

"हाच."

बेबीबाईनं तोंड उघडलं. बाबूलालनं तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तिनं ते मिटलं.

देवमनला आता खरोखर गुदमरायला लागलं होतं. पंचनाम्यासाठी एक प्लेट हवीच होती. ती उचलून तो झरोक्याखाली जाऊन उभा राहिला. खरं तर वाऱ्यासाठी. पण वारा घेताना नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं प्लेट उजेडाकडे धरली.

प्लेटीतून उजेडाचे तीन ठिपके त्याच्या डोळ्यात आले.

त्यानं दुसरी प्लेट धरली, तिसरी धरली. तेच. बाकी सगळीकडे कथील चांदीसारखं चकाकत होतं. या तीन भोकांभोवती मात्र तांबं कोरडं, तांबूस.

"जगदेव, एक कोरी प्लेट घ्या. पालिश नाई, भाग नाई. तशीच बुडवा."

चर्र आवाज झाला. निवल्यावर देवमननं तीही उजेडाकडे धरली. काळोख. एकूण एक भोक बुजलेलं.

"शेठ," तो सावकाश म्हणाला, "विमलबाईनं तिपाया चोरल्या असत्या तं जागा खाली राह्यली असती, पन पालिशबिगर. कथील भरून भोकं अशी बुजली असती. बसवून मागून काढल्या असत्या तं तिथं कथील चिकटून दिसलं असतं. इथं भोकं खुली अन तांबं कोरं हाये. म्हनजे प्लेट विमलबाईच्या हाती याच्या आधीच तिथं पालिश होतं. तिपाई बसनारच नाई, हे सकाळीच ठरलं होतं."

"मंग दोघी मिळाल्या असतीन," बाबूलाल घाईनं म्हणाला. "बेबीनं लावलं, इनं लांबवल्या."

"पह्यली प्लेट तुमच्या डोळ्यासमोर झाली. तुमीच सांगतलं. पालिश तुमाले दिसलं नाई?"

देवमन बेबीबाईकडे वळला.

"बेबीबाई, आता बोला. सकाळी कोनता नमुना होता?"

"नागपूरवाला," बेबीबाई म्हणाली. "दुपारी शेठनं बदलला."

"तिपाया आज तुमच्याजवळ नव्हत्याच," देवमन म्हणाला. "तुमीच आधी कुठं तरी इकल्या. भोकं बुजून प्लेटी वाया जाऊ नये म्हनून सकाळी नागपूरवाला नमुना ठेवला. कंपनीले दाखवाले चोर पाह्यजे होता, अन चोरीवर पोलिसाचा शिक्का. म्हनून घडोघडी पंचनामा पंचनामा करून राह्यले होते. अन चोर इलेच काहून केलं? तुमाले वाटलं, इच्या बाजूनं कोनी बोलनार नाई."

बाबूलाल स्टुलावर बसला. घाम आता त्यालाही फुटला होता. "अकोल्याले इकल्या," तो पुटपुटला. "उद्या कंपनीचा मानूस येऊन राह्यला. मले काई सुचलं नाई."

देवमननं हात पुढं केला. जुडगा हातात येताच त्यानं आधी शटर उघडलं आणि उंबऱ्यात उभं राहून पोटभर श्वास घेतला. मग तो शेठला न्यायला आत आला.

बाबूलालनं त्याचा हात धरला. "जमादारसाहेब, येतो मी. फक्त बजारातून नका नेऊ."

देवमननं विमलबाईकडे पाहिलं. ती भिंतीपासून निघाली, आपल्या टेबलाशी गेली, रिकामी वाटी सरळ केली आणि बसली. दुपारपासून ती उभीच होती.

"ठाण्याले दुसरा रस्ता नाई, शेठ," ती म्हणाली.